आम्ही की आपण?

विमानतळावर बहिणीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको परदेशी सुनेची वाट पाहत होते. बाईंच्या मांडीवर इंग्रजी संभाषणाचं पुस्तक उघडं होतं.

“अहो, ऐका. ‘वी आर व्हेरी हॅपी.’ बरोबर?”

“फक्कड. म्हणताना जरा हसलीस तर पटेलही.”

“पण हे ‘वी’ म्हणजे आम्ही की आपण?”

“दोन्ही.”

“दोन्ही कसं? आम्ही म्हणजे तुम्ही नि मी. आपण म्हटलं की तीही आली.”

“इंग्रजीत एकाच शब्दात सगळे मावतात.”

“म्हणजे मी तिला धरून बोलले की सोडून, हे तिला कळायचंच नाही?”

“अगं, आनंद झालाय एवढं कळलं तरी पुष्कळ.”

“सासू म्हणून पहिलंच वाक्य आहे माझं. असलं मोघम नको.”

“मग मराठीत बोल.”

“तिला कुठे मराठी कळतंय?”

“तुला तरी कुठे इंग्रजी कळतंय?”

“आले बघा! ती पुढे, आणि आपले चिरंजीव मागून सामान ढकलतायत.”

“हं, म्हण आता. वी आर...”

“थांबा हो! ये गं बाई, ये. आपण दमलो ना?”