मामांनी घरी ठेवलेल्या काठ्या

आमचं सुभेदार मामा रिटायर झालं, पण गडावर निघालो की अजून माझी सॅक वजन करायच्या ताणकाट्याला लावत्यात गड्यांनो. कंबर गेली म्हणून मी खाटेसारखा सपाट ताणला जाणारा झुला घेतलेला. त्याच्या दोन आडव्या काठ्या मामांनी घरीच काढून ठिवल्या. "झोपायला एवढं वजन? आमी फौजेत दगडावर झोपलोय रं!"

दुपारी गडावर झाडांना झुला बांधला, तर काठ्यांवाचून त्याचं गाठोडं झालं. मी आत दुमडलो आन् कळ थेट पायात उतरली.

मामांनी चढताना टेकायच्या आपल्या दोन काठ्या त्यात आडव्या घातल्या. पाठ सरळ टेकली आन् माझा जीव भांड्यात पडला.

"उतर, मला बघू दे," म्हणत मामा आडवं झालं.

तासाभरानं मी म्हणलं, "मामा, खाली जायचंय. काठ्या काढू का?"

डोळं न उघडता मामा म्हणालं, "काठ्या ड्युटीवर हायत. तू हो पुढं."