ओढ्यापलीकडची जागा

एकसष्ट सालच्या नोव्हेंबरात, कार्ल्सरूहे स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये, श्रीनाथने तो आवाज लगेच ओळखला. दर रविवारी रेडिओवरचा त्याचा शिकारीचा कार्यक्रम ऐकून तर श्रीनाथचं जर्मन सुधारलं होतं. आवाजाशेजारी हिरव्या टोपीतला एक म्हातारा शिकारी बसला होता. श्रीनाथने पेपर वर धरला.

“रोलांड, तू रेडिओवर त्या जागेचं नाव घ्यायला नको होतंस.”

“सरकारी जंगल आहे, ग्रेबनरसाहेब. परवाना असेल त्याचं आहे.”

“मग त्यांनी पायपीट करावी नि शोधावं. तुला मी दाखवलं, ते तू दोन हिवाळे माझ्यामागं चिखल तुडवलास म्हणून.”

“श्रोते विचारतात. लपवून ठेवलं तर आपमतलबी म्हणतात.”

“काल गेलो होतो. ओढ्यापर्यंत मोटारी. पलीकडे एक हरिणी मरून पडलेली, पोटात गोळी. माग काढायलासुद्धा कुणी थांबलं नव्हतं.”

“बंदूक काय मी चालवली?”

“तिच्या तोंडात डहाळी मीच ठेवली. मारलेल्या जनावराला शेवटचा घास द्यायचा असतो, हे सांगितलंस त्यांना?”

“अहो, पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. वेळ कुठे असतो?”

“जागेच्या नावाला होता.”

मग तोच गोड, रविवारचा आवाज जरा खाली आला.

“ग्रेबनरसाहेब, ती जागा तर आता गेलीच. तुमच्याकडे दुसरी असेल ना एखादी?”

“आहे.”

“कुठे?”

“तुझी गाडी लागली, रोलांड. ऊठ.”