दुसऱ्या मतदारसंघाची रेघ

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष मान्यवर व्हर्ना श्रोडर, व्यासपीठावरचे शेरीफसाहेब आणि पाद्रीबुवा, सत्कारमूर्ती वेंडेल फ्रिस्टो व त्यांच्या सौभाग्यवती, आणि केक कधी कापतात याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

वेंडेल अठ्ठावीस वर्षं दुसऱ्या मतदारसंघातून निवडून येणारे आपले कमिशनर होते. त्यांतली बावीस वर्षं मी काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्याची, निवडून आलेली क्लार्क म्हणून त्यांच्या शेजारी बसून सभांचं इतिवृत्त लिहिलं. म्हणून समितीने मला बोलायला सांगितलं. समितीची चूक समितीने निस्तरावी.

वेंडेल यांचं कार्य काय वर्णावं? चार जुलैच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवरून चॉकलेटं उधळावीत तर त्यांनीच. हिमवादळानंतर त्यांच्या रस्त्यावरचा बर्फ सर्वांआधी निघायचा. ज्यांच्या अंगणात त्यांच्या प्रचाराची पाटी, त्यांचा त्यानंतर. आणि बाकीच्यांचा? बाकीच्यांचा वसंत ऋतू काढायचा.

मिल क्रीकवरचा पूल त्यांनी नऊ वर्षांपूर्वी धोकादायक म्हणून बंद केला. तो अजून 'विचाराधीन' आहे. पलीकडची मुलं शाळेला अकरा मैलांचा वळसा घालून येतात. लिओटा ग्रेबिल पलीकडेच राहायची. तिच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली, त्या दिवशी रुग्णवाहिकाही वळसा घालूनच गेली. उशीर झाला. पुढच्या महिन्यात लिओटा भर सभेत उभी राहिली.

"वेंडेल, या वेळच्या निवडणुकीत तुझ्यासमोर मी उभी राहणार."

"राहा की! लोकशाही आहे," वेंडेल हसून म्हणाले.

त्याच वर्षी मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखायच्या होत्या. वेंडेल माझ्या टेबलाशी आले. "आर्लीन, दुसऱ्या मतदारसंघाची रेघ लिओटाच्या घरापाशी तेवढी जरा ओढ्याच्या अलीकडे घे. लिओटाचं कुंपण बाहेर राहू दे."

"का हो?"

"लोकसंख्या जुळवायची आहे गं."

एका विधवेने लोकसंख्या कितीशी जुळते? मी विचारलं नाही. उमेदवार त्याच मतदारसंघात राहणारा हवा, हा आपला नियम; लिओटाचं घर तिसऱ्या मतदारसंघात गेलं आणि तिची उमेदवारी तिथेच संपली. दोन वर्षांनी घर विकून ती लेकीकडे सलायनाला गेली. घर स्वस्तात कोणी घेतलं? आपल्या वेंडेलच्या जावयाने, ट्रेंटने.

आता या वर्षीच्या एक जूनकडे येते. उमेदवारी अर्जाची मुदत दुपारी बारापर्यंत. 'मीच उभा राहतोय' असं वेंडेल गावभर सांगत होते, म्हणून दुसरं कोणी फिरकलंच नव्हतं. बाराला बारा मिनिटं कमी असताना ते आले, ते जावयाला घेऊन.

"मी थकलो आर्लीन. आता ट्रेंट."

ट्रेंटने झोकात सही ठोकली. मी पत्ता वाचला, लिओटाच्याच जुन्या घराचा, आणि नकाशा काढला.

"ट्रेंट, तू तिसऱ्या मतदारसंघात राहतोस."

"छे! सासरे दुसऱ्यातूनच निवडून येतात ना?"

"सासरे येतात. तुझं घर येत नाही."

वेंडेलनी चष्मा चढवला. "ही रेघ कुठल्या गाढवाने…" म्हणाले, आणि मध्येच त्यांनी चष्मा उतरवला.

शेजारच्या खिडकीत नोरीन पेनर गाडीच्या नोंदणीसाठी उभी होती. तीच आपली शाळेची बस चालवणारी. ती म्हणाली, "अगं आर्लीन, एक फॉर्म मलाही दे. तो वळसा रोज दोनदा मीच घालते. मी दुसऱ्यातच येते ना?"

"येतेस."

नोरीनचं अक्षर वाईट आहे, पण वेग चांगला आहे.

"मग मीच भरतो!" वेंडेल ओरडले. पण अर्जाची फी भरायला चेकबुक राहिलं होतं गाडीत. ते घेऊन आले तेव्हा बारा वाजून दोन मिनिटं झाली होती. दार मी माझ्या हातांनी बंद केलं. छापील नसलेलं नाव हाताने लिहिलं तरी आपल्याकडे मत धरतात, म्हणून नोव्हेंबरात एकशे चार जणांनी मतपत्रिकेवर वेंडेलचं नाव लिहिलं, तिघांनी त्यांच्या घोड्याचं. दोघेही पडले. सोमवारी नोरीन शपथ घेते आहे, आणि तिचा पहिला ठराव पुलाचा आहे. तो मी कालच टाइप केला.

वेंडेल, निवृत्तीच्या मनापासून शुभेच्छा. माझ्या बोलण्यात उणंअधिक आलं असेल, तर ते आपण आणि आपल्या कुटुंबीयांनी पोटात घालावं.

शेवटच्या रांगेत लिओटा बसली आहे. लिओटा, सांगणारे वेंडेल होते, पण पेन्सिल माझ्या हातात होती. नाही म्हटलं असतं, तर पुढच्या खेपेला त्यांनी माझ्याविरुद्ध कुणाला तरी उभं केलं असतं, एवढ्याच भीतीने मी ती रेघ ओढली. तुझी क्षमा मागते. तू ती केलीच पाहिजेस, असं मात्र नाही.

धन्यवाद.