आठवी जागा

—नाही नाही, बसा की, पिशवी माझीच आहे, उचलते. बसायला हीच जागा चांगली, इथून बीम, जिम्नॅस्टिक्सच्या मुली कसरत करतात तो अरुंद लाकडी दांडा, अगदी समोर दिसतो, म्हणून तर दार उघडायच्या आधीपासून येऊन उभी होते मी. पलीकडे बसलं की तो खांब आडवा येतो. पंच मात्र खांबाआड नाही बसलेले बरं का. त्यांना सगळं स्वच्छ दिसतं आणि दिसतं तेच ते लिहितात. देवमाणसं आहेत अगदी. —हसू नका हो, मनापासून बोलतेय मी! आज मी देवाला शब्द दिलाय, निकाल लागेपर्यंत पंचांबद्दल एक वाकडा शब्द तोंडातून काढणार नाही, फक्त कौतुक करेन. आमचे हे म्हणाले, "तू? आणि जीभ आवरणार? त्यापेक्षा उपास धर, सोपा जाईल." म्हटलं, बघाच तुम्ही. तर सकाळपासून मी नुसतं कौतुक करत सुटलेय. घसा कोरडा पडला कौतुक करून करून.

तो फळा दिसतोय ना? दिवे लागलेला, हो तोच. पहिल्या आठ जणी दुपारी फायनलला उतरणार. आता आठवीच्या खाली बघा — नववी कोण? आमची भिंगरी. माझ्या भावाची मुलगी, मी तिची आत्या. खरं नाव आहे वेगळं, पण रांगायच्या वयातच ती कोलांट्या मारायला लागली आणि नाव पडलं ते पडलंच. नववी! आणि आठवी ती निळ्या कपड्यांतली. दोघींत अंतर किती? अंतर म्हणावं असं अंतरच नाही हो, डोळ्यात गेलेलं कुसळ याहून मोठं असतं. आणि ते टेबलापाशी कंबरेवर हात ठेवून उभे आहेत ना, उंचसे, ते आमचे सर. आक्षेप नोंदवलाय त्यांनी. म्हणून तर अजून निकाल पक्का नाही. आत त्या पडद्यामागे पुन्हा चित्रफीत बघतायत. बघू देत, सावकाश बघू देत, चहा घेत बघू देत. इथं आमचा जीव टांगणीला लागलाय, पण त्यांच्या डोळ्यांना ताण नको पडायला.

आक्षेप कशावर? सांगते ना. बीमवर तिनं मागे उलटी उडी घेतली, पाय टेकतात न टेकतात तोच दुसरी. दोन्ही सलग जोडल्या तर जादा गुण मिळतात. मधे क्षणभर थांबलं, हात हलवून तोल सावरला, की जोड तुटली, जादा काही नाही. आमच्या पोरीनं जोडली. मी बघितलं, माझ्या मागे एक आजोबा बसलेत, त्यांनी बघितलं, आणि त्यांना तर समोरचं माणूस ओळखू येत नाही. पंचांनीही बघितलं असणारच, फक्त नेमक्या त्याच क्षणी पापणी लवली असेल. लवते हो माणसाची पापणी. अवघडपणा मोजायला दोघं बसतात, आणि दोघांची एकदम लवली — एवढी एकजूट आमच्या घरात असती तर काय हवं होतं!

आणि बाकीचे चौघं, ते चुकांचे गुण कापणारे — त्यांचं तर करावं तेवढं कौतुक थोडं. दहातून सुरुवात करतात आणि कापत येतात. गुडघा वाकला, कापा. पंजा ताणलेला नाही, कापा. उतरताना पाऊल सरकलं, कापा. परवाच्या स्पर्धेत एका मुलीचे गुण कापले चेहऱ्यावर भाव नव्हते म्हणून. आता मला सांगा, वीतभरसुद्धा रुंद नसलेल्या त्या लाकडावर डोकं खाली पाय वर, तिथं चेहऱ्यावर भाव कसले आणायचे? दारात पाहुणे आल्यासारखे? त्या टोकाच्या बाई आहेत ना, सोनेरी चष्म्याच्या, त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर सकाळपासून एक भाव आलेला नाही. पण त्यांचे कोण कापणार? —नाही, नाही, हे नावं ठेवणं नव्हे. शांत चेहरा आहे त्यांचा. ध्यानस्थ. कौतुकच म्हणतेय मी.

आता ती निळी घ्या. तिसऱ्या वळणाला अशी डुगडुगली, अशी डुगडुगली, की मी खुर्चीचा दांडा धरला. हात पवनचक्कीसारखे गरागरा फिरले. दुसऱ्या कोणाचे फिरले असते तर तो तोल गेला. हिचे फिरले तर ती कला! पंच म्हणाले असतील, अहाहा, काय हा हातांचा विलास! तिच्या क्लबचा दबदबा मोठा ना. तिथल्या मुलींचा तोल जातच नाही मुळी, बीमच हलतो त्यांच्यासाठी. आणि उतरल्यावर ती हसली कशी, दोन्ही हात वर करून, जणू— पाणी देऊ का? चेहरा उतरलाय तुमचा. गरम होतंय का? ते जॅकेट ठेवा की खुर्चीवर, मांडीवर कशाला ओझं. किती छान निळा रंग—

अगंबाई.

तिच्या आई का तुम्ही?

मग हो, आधी बोलायचं नाही का! मी आपली सुटलेय — थांबा, उठू नका. उठू नका ना, प्लीज. माझी जीभ म्हणजे ना, आमचे हे म्हणतात ते काही खोटं नाही. गोड आहे हो तुमची पोर. खरंच सांगते. हे कौतुक खरं आहे, आता सकाळपासून इतकं केलंय की खरं कुठलं आणि ते दुसरं कुठलं, माझं मलाच कळेनासं झालंय. पण हे खरं. ती बीमवर चढते ना, ते चढणंच किती देखणं असतं, मी मागच्या वर्षीसुद्धा बघितलं होतं तिला. डुगडुगली तरी पडली नाही. दुसरी असती तर खाली आली असती. —काय म्हणालात? टाच? कधी? परवा सरावात? आणि सुजलेल्या टाचेवर उभी राहिली ती? मग पंचांना सांगायचं नाही का कोणी — नाही सांगत, बरोबर आहे, कोण सांगतं. आमची पण नाही सांगत. मनगट दुखत असलं की हात पाठीमागे धरून बोलते माझ्याशी. मी ओळखते. ओळखते आणि मलम लावते आणि पुन्हा नेते.

मीच नेते ना रोज. तिच्या आईची नोकरी, माझा भाऊ सदा फिरतीवर, आणि आम्हाला मूलबाळ नाही. मग शाळेतून आणायचं, चार घास खायला घालायचे, आणि हॉलवर. तिथं भिंतीला लागून एक बाकडं आहे, मी तिथं. विणकाम न्यायचे आधी, पण मुली हातांना चोळतात ती खडूची पूड उडते, लोकर पांढरी होते, मग सोडलं. नुसती बघत बसते. बघून बघून सगळे नियम पाठ झाले. आणि तिथं मी सगळ्यांची आत्या आहे हो. कुणाच्या तळहाताला फोड आला की, आत्या. कुणाचा अंबाडा सुटला, आत्या. कुणी रुसून कोपऱ्यात बसली, तर सर सुद्धा म्हणतात, आत्या, जरा बघता का. घरी मला कोण हाक मारतं? घरी हे पेपरातून डोकं वर काढतात आणि म्हणतात, "चहा?" ती हाकही तीच आणि गप्पाही त्याच. वाईट नाहीत हो, स्वभाव आहे.

तर सकाळी मी हिचा अंबाडा बांधत होते. तोंडात पिना. ही आरशातून माझ्याकडे बघत म्हणते कशी, "आत्या, आज नाही झालं तर पुरे ना गं?" मी पिना काढल्या तोंडातून आणि म्हटलं, असं अभद्र बोलू नये, होणारच, मी देवाला सांगितलंय. मागच्या आठवड्यात पण म्हणाली होती. मी विचारलं, पुरे म्हणजे काय, दुसरं काय करायचंय तुला? तर म्हणाली, "काही नाही. रविवारी झोपायचंय." ऐका! हा काय छंद झाला? पण बघा ना, पोरीचं मन कसं खचवलंय या — या थोर लोकांनी. दर वेळी नववी, दर वेळी दहावी, मग कुणाला वाटणार नाही पुरे म्हणून? एकदा फायनलला गेली की बघा कशी उभारी येते. आणि समजा थांबली, तर मग संध्याकाळी मी करू काय? —म्हणजे ती. ती काय करणार संध्याकाळी, असं म्हणायचं होतं मला. तिला सवय आहे ना हॉलची. सवय अशी एकदम तोडू नये.

थांबा. फळा विझला. आता दाखवतील. गप्प बसा — मीच गप्प बसते.

आठ! आठवी भिंगरी! जोड धरली! बघितलंत? धरली त्यांनी! अहो, मी म्हणत होते ना, बघितलं होतं मी, पाय टेकतात न टेकतात तोच — आजोबा, धरली हो जोड! देवा, पावलास रे बाबा— 

अहो. तुम्ही.

माफ करा. मी तुमच्या समोर उड्या काय मारतेय. तुमचा हात धरू का? तुमची नववी म्हणजे राखीव आहे बरं का ती, अगदी बाहेर नाही. आठांतली कुणी आजारी पडली, कुणी माघार घेतली, तर तिलाच उतरवतात. हां, आता माघार कोण घेतं म्हणा. इथवर येऊन कोण घेणार. पण पुढच्या वर्षी टाच बरी असेल, आणि पंचांचे डोळे — चांगले आहेत हो डोळे त्यांचे. खरंच चांगले निघाले.

पण ही उड्या का मारत नाहीये? खाली बघा, ती लाल कपड्यांतली, तीच आमची. सर पाठ थोपटतायत आणि ही नुसती उभी. काहीतरी सांगतेय त्यांना. एवढं काय सांगायचंय? आनंद झाला की माणूस एवढं लांबलचक बोलत नाही. सर मान हलवतायत. नाही म्हणतायत. पुन्हा सांगतेय ती. आता सर तिच्यासमोर खालीच बसले गुडघ्यावर. अहो, दुखतंय का तिला काही? मनगट? —नाही, हात पाठीमागे नाहीयेत. हात समोर आहेत. डोक्यावर हात ठेवला सरांनी. उठले. आता टेबलाकडे कशाला निघाले? आक्षेप तर मान्य झाला! आता काय राहिलं मागायचं?

ही मोजे चढवतेय. बूट घालतेय. फायनलच्या आधी बूट कशाला घालायचे? सांगा ना तुम्ही, तुम्हाला माहीत आहे, फायनलच्या आधी कुणी बूट घालतं का?

हसतेय ती. बघा. अशी हसलेली मी हिला — शाळेच्या सहलीला जाताना हसली होती, तेवढंच.

फळ्यावर — नका वाचू. मला दिसतंय. नावापुढे रेघ मारलीय, आणि तुमची वर घेतलीय. राखीव ती आठवी.

दिली होती हो जागा त्यांनी. सोनेरी चष्म्यानं, त्या पापणी लवणाऱ्या दोघांनी, सगळ्यांनी मिळून दिली होती. आता मी कुणाला बोलू? सांगा तुम्ही. नाव ठेवायला माणूसच उरला नाही या अख्ख्या हॉलमध्ये.

जिना चढून येतेय. बॅग घेऊन. मला शोधतेय— इथं! इथं आहे मी, भिंगरे! ये. अगं, हळू चढ. —नाही, रागावले नाहीये. कोण म्हणालं रागावले? डोळ्यात काही नाही गेलेलं. बस. भूक लागली असेल, सकाळपासून तू काही... बस म्हणते ना. सांग तुला काय सांगायचंय ते, सगळं सांग, मी नाही बोलणार मधे. 

आणि तुम्ही अजून इथंच? अहो, खाली तुमची पोर भांबावून चहूकडे बघतेय, आईला शोधतेय ती, आणि तुम्ही माझ्याकडे काय बघत बसलात? उठा. जा! जा म्हणते ना!