खंडेनवमीला तिकिटाचे मशीन बंद ठेवल्याबाबत

रेल्वे पोलीस चौकी. तारीख २३ ऑक्टोबर १९५८, वार गुरुवार, वेळ सकाळी अकरा.

माझे नाव सगुणाबाई, नवरा धर्माजी शितोळे, मयत. वय चाळीस. तापाच्या मोठ्या साथीच्या साली माझा जन्म झाला असे आई सांगे, त्यावरून हवालदारांनी चाळीस धरले आहे. धंदा वाघजाई हॉल्टवर पाणी भरणे व झाडलोट, नेमणूक तात्पुरती. राहणार पिंपळे गुरव, तालुका हवेली, जिल्हा पुणे. लिहिता येत नाही. आकडे वाचता येतात.

समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे, की वाघजाई हॉल्ट कासारवाडीच्या पुढे आहे. पूर्वी तिथे फलाट नव्हता. रुळाच्या कडेला मुरूम टाकलेला आणि एक पत्र्याची शेड, एवढेच. गाडी थांबली की माणसे दांड्याला धरून वर चढत, म्हाताऱ्यांना खालून ढकलावे लागे. तिकिटे माझे पती विकत. त्यांना विक्रीवर दलाली होती. सन १९४९ साली ते धनुर्वाताने वारले आणि दलाली माझ्या नावे झाली. नऊ वर्षे मी तिकिटे विकली. तिकिटे लाकडी पेटीत खणाखणाने ठेवलेली असत आणि कोणत्या खणात कोणत्या गावाचे तिकीट, हे माझ्या हाताला माहीत होते. चुकीच्या गावाचे तिकीट मी दिले अशी एखादी तक्रार दप्तरात असेल तर काढून दाखवावी.

चालू साली हॉल्टची सुधारणा झाली. सिमेंटचा उंच फलाट बांधला, लोखंडी कुंपण घातले, नावाची पाटी लावली, दोन दिवे लावले. फलाट चांगला आहे. आता कोणाला ढकलावे लागत नाही. तारीख १ ऑक्टोबर रोजी तिकिटाचे मशीन बसवले. ते हिरव्या रंगाचे असून माझ्या खांद्याइतके उंच आहे. वरच्या फटीत दहा नव्या पैशांचे नाणे टाकायचे, बाजूचा दांडा ओढायचा, की चिंचवडचे तिकीट खाली पडते. आमच्या हॉल्टवरून बहुतेक लोक चिंचवडकडे कारखान्यातच जातात, म्हणून त्यात तेवढेच तिकीट ठेवले आहे. त्याच दिवशी तपासनीस साहेब माझी पेटी घेऊन गेले. मला पाणी व झाडलोट या कामावर ठेवले आणि दिवाळीनंतर कायम करू असे सांगितले. मशीन फडक्याने पुसणे हेही माझ्याकडे दिले. किल्ली दिली नाही.

विचारल्यावरून सांगते की, होय, मला राग आला होता. पहिले तीन दिवस मी मशीन पुसले पण त्याच्याकडे नीट पाहिले नाही. चौथ्या दिवशी त्याने एका म्हाताऱ्याचे नाणे गिळले आणि तिकीट दिले नाही. म्हातारा रडकुंडीला आला. मी मशीनच्या उजव्या बाजूला, दांड्याच्या खाली चार बोटांवर बुक्की मारली, तेव्हा तिकीट पडले. त्यानंतर रोज दोन-तीन वेळा मारावी लागे. जुन्या दोन आण्यांची नाणी आणणाऱ्यांना ती मशीनला चालत नाहीत हे सांगणे, दांडा अर्धा ओढून सोडणाऱ्यांना पुरा ओढायला लावणे, हेही मीच करत होते. ही कामे माझ्या यादीत नाहीत. दहा दिवसांत मला त्याचा स्वभाव कळला. राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही, पण गेला.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. विळा, कोयता, पाभर, शिलाईचे यंत्र, ज्याचे जे असेल ते धुऊन पुसून त्याला हळदकुंकू लावायचे आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचे नाही. माझे पती तिकिटांच्या पेटीची पूजा करत. गाड्या तर बंद नसतात. म्हणून ते आदल्या संध्याकाळी लागतील तेवढी तिकिटे पेटीतून काढून फडक्यात बांधून ठेवत, आणि नवमीला पेटी न उघडता फडक्यातून विकत. मीही नऊ वर्षे तसेच केले. कोणाचे काही अडले नाही.

मशीनमधली तिकिटे मला काढता येत नाहीत. म्हणून तारीख १८ रोजी, शनिवारी, साहेब हॉल्टवर आले तेव्हा मी त्यांना विचारले, "साहेब, मंगळवारी नवमी हाय. सोमवारी सांजच्याला मशीन उघडून शंभरभर तिकिटं बाहेर काढून द्या. मी फडक्यातनं विकीन, पैसं तुमच्या हवाली करीन." साहेब म्हणाले, "बघू." बघू म्हणजे हो की नाही हे मी विचारले नाही. मोठ्या माणसाला दोनदा विचारणे बरे दिसत नाही. सोमवारी रात्री शेवटची गाडी जाईपर्यंत मी थांबले. कोणी आले नाही.

तारीख २१ रोजी मी पहाटे नदी उतरून हॉल्टवर आले. आधी फलाट झाडला, मग हंडे भरले. त्यानंतर मशीन ओल्या फडक्याने पुसले, हळदकुंकवाची पाच बोटे ओढली, झेंडूचा हार घातला, समोर पितळी ताट ठेवून त्यात पानसुपारी ठेवली. नारळ कुंपणाबाहेरच्या दगडावर फोडला. मशीनवर पाण्याचा थेंबही उडाला नाही, पंचांनी पाहून खात्री करावी. दांडा चुकून कोणी ओढू नये म्हणून त्याला लाल नाडा बांधला. नाड्याला गाठ मारली नव्हती, नुसता फास होता. केरसुणीचीही पूजा केली. त्यामुळे झेंडूच्या पाकळ्या सबंध दिवस फलाटावर तशाच पडून होत्या, अशी जी दुसरी तक्रार आहे तीही खरी आहे.

सात दहाच्या गाडीला त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त गर्दी होती. कारखान्यात पूजा असते आणि घरच्या माणसांना बोलावतात, म्हणून बायकामुले नवे कपडे घालून आली होती. सर्वांत आधी पिंपळे गुरवचा भिमाजी आला. तो कारखान्यात लेथवर काम करतो. नाणे त्याच्या हातात तयार होते. हार पाहून त्याने हात मागे घेतला आणि नमस्कार केला.

तो म्हणाला, "मावशी, पूजा झाली व्हय?"

मी म्हटले, "झाली."

"मग तिकीट?"

"आज न्हाई निघायचं. रोज राबतंय, आज बसू दे त्याला."

भिमाजी म्हणाला, "बरोबर हाय. आमच्या लेथलाबी आज कुणी हात लावत न्हाई. फोरमन आला तरी न्हाई." मग त्याने ताटात दहा पैसे टाकले, बायकोचे दहा टाकले, आणि मुलगी लहान असून तिचेही टाकले. ताटात पैसे टाका असे मी त्याला सांगितले नव्हते. टाकू नका असेही म्हटले नाही. त्याच्या मागच्यांनी तेच केले.

सांगवीचे अर्जुनराव म्हणून कारखान्यात कारकून आहेत. ते मात्र म्हणाले, "हे सरकारी मशीन आहे, बाई. याला सुट्टी नसते. मी ओढतो दांडा." मी म्हटले, "ओढा. नाड्याला गाठ न्हाई." ते पुढे आले. दांड्याला हात लावणार तोच मागून कोणी तरी खाकरले. अर्जुनराव थांबले. त्यांच्या खिशातल्या पेनालाही कुंकू लावलेले होते, ते मी पाहिले. त्यांनी ताटात नाणे टाकले.

चिंचवडला उतरल्यावर साहेबांनी फलाटावर सर्वांना अडवले. मी तिथे नव्हते. नंतर भिमाजीने सांगितले ते असे, की साहेबांनी तिकीट मागितले तर पहिला म्हणाला, पैसे ताटात टाकले. साहेब म्हणाले, कोणाच्या ताटात? तो म्हणाला, मशीनच्या. दुसऱ्यानेही तेच सांगितले. बायकांनीही तेच सांगितले. साहेबांनी त्रेसष्ट माणसांची नावे लिहून घेतली आणि त्यात त्यांच्या पेन्सिलीचे टोक दोनदा मोडले.

साडेनऊच्या सुमारास साहेब एका शिपायाला घेऊन हॉल्टवर आले. त्यांनी शिपायाला हार काढून दांडा ओढायला सांगितले. शिपायाने मला सांगितले. मी नाही म्हटले. मग शिपाई म्हणाला, "साहेब, माझा हात दुखतोय." साहेब स्वतः मशीनपुढे गेले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली, पुन्हा घातली. नंतर घड्याळ पाहून म्हणाले, "आता गाडीही नाही. उद्या बघू." पूजेनंतर मशीनला त्या दिवशी कोणीही हात लावला नाही, साहेबांनीही नाही, हे मी शपथेवर सांगते.

ताटातले पैसे मी हलवलेही नव्हते. पंचांसमक्ष मोजले तेव्हा लिहिलेल्या माणसांच्या भाड्यापेक्षा जास्त भरले. मशीन बसल्यापासून कोणत्याही दिवशी एका गाडीला एवढा भरणा झाला नव्हता, असे साहेबच म्हणाले. भाडे मिळाल्यामुळे प्रवाशांना सोडून देण्यात आले. आता प्रश्न फक्त माझा राहिला आहे.

मी पेटी परत मिळावी म्हणून खुन्नस काढली आणि मशीन मुद्दाम अडवले, असा अर्ज आहे असे मला समजले. त्याबाबत सांगते की, ज्याच्यावर माझा राग असतो त्याच्यासाठी मी नारळ आणत नाही. नारळ सहा आण्यांना पडला. राग असता तर मी पूजाच केली नसती, दिवसभर त्याला राबवले असते आणि बुक्क्या मारायचे बंद केले असते. ते दुपारपर्यंत आपोआप बंद पडले असते.

काल दसऱ्याला साहेब हॉल्टवर आले होते. मी त्यांना सोने दिले, त्यांनी घेतले. साहेब वाईट नाहीत. ते बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, उद्या चौकीत जबाब होईल. मला समजत नव्हतं, अज्ञानाने झालं, एवढंच सांगा. अडाणी बाई म्हणून प्रकरण मिटेल, दिवाळीनंतर कायम व्हाल. जाणूनबुजून केलं असं लिहिलं गेलं तर मला तुमचं नाव पटावरून काढावं लागेल. आणि ते शनिवारचं बोलणं कशाला सांगता?" मी रात्रभर विचार केला. मला घरी दुसरे कमावणारे कोणी नाही. महिन्याला मिळतात ते पंचवीस रुपये मला लागतात. कायम झाले असते तर म्हातारपणाचीही सोय झाली असती, आणि मला ते हवे होते. हे मी लपवत नाही.

पण मला समजत होते. नवमी आहे हे समजत होते, गाडी आहे हे समजत होते, म्हणूनच तर तीन दिवस आधी विचारले. समजत नव्हते असे मी सांगितले, तर माझ्या नवऱ्यालाही काही समजत नव्हते असे होईल. तो भिमाजी लेथवर केसाएवढे माप काढतो, त्यालाही समजत नव्हते असे होईल. मशीन बिघडले होते असेही मी सांगणार नाही. त्या दिवशी ते अगदी ठीक होते.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. वाचताना मधे एके ठिकाणी "सदर कृत्य माझ्या हातून अज्ञानाने घडले" असे वाक्य आले. ते मी सांगितलेले नव्हते. मी हवालदारांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "मावशी, मीच घातलंय. राहू द्या. तुमच्या भल्याचं आहे." मी म्हटले, "तुमचे उपकार झाले, दादा. पण खोडा." हवालदारांनी टाक खाली ठेवला आणि मला चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "खोडू?" मी म्हटले, "व्हय." त्यांनी ते वाक्य खोडले आणि त्या जागी "समजून उमजून केले" असे लिहिले. खोडलेल्या जागी माझा डाव्या हाताचा अंगठा आहे.

बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिले आहे. पुन्हा ऐकले, बरोबर आहे.

सगुणाबाई धर्माजी शितोळे, निशाणी अंगठा.