देवरे सरांची रेंज

आमच्या स्टाफरूममधले देवरे सर म्हणे संशोधन करतायत! विषय, सुरगाण्याच्या पाड्यांवर मोबाइलला रेंज असते का. गृहीतक, नसते. आणि हे तपासायला हा गृहस्थ नाशकात पंख्याखाली बसून पाड्यांवर फोन लावतोय! ज्यांनी उचलला ते सगळे म्हणाले, "रेंज हाय ना, सायेब." झालं, गृहीतक फेटाळलं.

मी विचारलं, "आणि ज्यांचे फोन लागलेच नाहीत?"

"त्यांनी उत्तरच दिलं नाही, तर त्यांना नमुन्यात कसं धरणार?"

शेवटी गाइडने दम दिला, तेव्हा स्वारी सुरगाण्याला गेली. संध्याकाळी वहिनींचा मला फोन. "भाऊजी, यांचा फोनच लागत नाहीये हो!"

म्हटलं, "मग त्यांना धरूच नका, वहिनी. सरांची तीच पद्धत आहे."