शाही बोट आणि मॉरीनचा मुकुट

खर्च, खर्च, खर्च! अहो, खर्चाचं काय घेऊन बसलात? राजाला स्वतःची बोट नको? परदेशचे पाहुणे आले तर काय फेरीबोटीत बसवायचे, हातात चिप्सचा पुडा देऊन? तुम्हाला सांगतो, मी जुन्या, आता बंद केलेल्या शाही बोटीवर वीस वर्षं खलाशी होतो. पायात कापडी बूट, का, तर पावलं वाजू नयेत! हुकूम सगळे हाताच्या खुणांनी! आणि राजघराण्यातलं कुणी समोरून आलं, की असाल तिथे खांबासारखं उभं राहायचं, हात मांडीला, नजर समोर, ते पुढे जाईपर्यंत आपण तिथे नाहीच! एकदा नाकावर माशी बसली... बसू दिली!

पण आमची बायको, मॉरीन! "म्हाताऱ्या, पोहण्याचा तलाव बंद पडून तीन वर्षं झाली. नातवंडं पोहायला शिकणार कुठे, बाथटबात? बेटावर राहतो आपण, बेटावर!" मी म्हटलं, अगं, खर्चाचं काय घेऊन... "चहा पी."

तर आमच्या पोर्ट्समथच्या खलाशी क्लबात ठरलं, सरकारनं पैसा कशावर घालावा, याचं मंत्र्याला पत्र एकच जाणार. बोट की तलाव? रविवारी दुपारी, हात वर करून. तलावाकडे एकवीस पक्के. बोटीकडे पंधरा, अधिक आम्ही बोटीवरचे जुने नऊ जण. जिंकलोच की! मी भाषण ठोकलं. म्हटलं, मरण्याआधी पुन्हा एकदा शाही डेकवर उभं राहायचंय हो मला! आमच्या नऊ जणांतला नॉबी तर सॉसेज रोल खाता खाता रडला.

आधी तलाव. हात वर... वीसच! मॉरीन कुठाय? चहा बघायला गेलीय म्हणे. वा! अध्यक्ष म्हणाले, "आता बोट!" आम्ही हात उचलणार, एवढ्यात दार उघडलं. लांब पांढरे हातमोजे, बहिणीच्या लग्नातला जांभळा कोट, डोक्यावर चमचमता मुकुट, आणि तो मंद, मंद हात हलवणं...

संपलं! नऊच्या नऊ जणांचे हात मांडीला, नजर समोर! नॉबीच्या तोंडात अर्धा रोल तसाच! मी मनात स्वतःवरच ओरडतोय, अरे गाढवा, ही मॉरीन आहे, आज सकाळी हिनेच तुझे मोजे शोधून दिले! पण अंग ऐकेल तर शपथ! आणि बाई चालतेय कशी, इकडे थांब, तिकडे विचारपूस कर, "आपण काय करता? हो का? छान छान!" अख्खा हॉल हसून लोळतोय, आम्ही खांब!

"बोटीला पंधरा! तलाव जिंकला!"

मंत्र्याला पत्र कुणी लिहिलं? मीच. क्लबात अक्षर माझं चांगलं ना! लिहिताना हसूच आवरेना, काय करणार?

आता घरात जरा वाद झाला की ही कपाटातून मुकुट काढते, आणि मी स्वयंपाकघरात ताठ उभा, तोंड बंद. परवा ती पुढे गेल्यावर विचारलं, केवढ्याला पडला गं हा? "साडेतीन पौंड." साडेतीन पौंडांत वीस वर्षांची शाही नोकरी पुन्हा लागली मला... आणि मी आपला जगाला सांगत सुटलोय, खर्चाचं काय घेऊन बसलात!